फर्मान : आज्ञा आणि प्रमाण

फारसीतून मराठीत आलेले अनेक शब्द आता इतके रुळले आहेत की त्यांचे मूळ शोधण्याची आवश्यकता सहसा कोणास भासत नाही. ‘फर्मान’ हा असाच एक शब्द. ‘फर्मावणे’ आणि ‘फर्माईश’ हे त्याच कुळातील शब्द होत. जैन समाजाचा या शब्दाशी असलेला संबंध मात्र केवळ भाषेपुरता नाही. जीवदया आणि तीर्थरक्षण या दोन्ही कार्यांना एके काळी फर्मानांचा मोठा आधार लाभला होता.

फर्मान म्हणजे बादशहाच्या नावाने, त्याच्या मोहरेनिशी निघालेली लेखी आज्ञा. प्राचीन इराणी भाषेत या शब्दाचे रूप ‘फ्रमाना’ असे होते. नक्श-ए-रुस्तम येथील सम्राट दारियसच्या शिलालेखात तो अहुरमज्द या देवतेच्या आज्ञेसाठी योजिलेला आढळतो. संस्कृतातील ‘प्रमाण’ हा त्याचाच सगोत्र शब्द. ‘मा’ म्हणजे मोजणे हा धातू आणि ‘प्र’ हा उपसर्ग दोहोंच्या मुळाशी आहे. इराणात त्यातून आज्ञेचा अर्थ निघाला, तर भारतात पुराव्याचा.

मोगल दरबारात प्रत्येक कागदाची पायरी ठरलेली असे. बादशहाचे ते फर्मान, शाहजाद्याचे ते निशान आणि अधिकाऱ्याचा तो परवाना. फर्मान आले की ज्याच्या नावे ते असे, त्याने काही अंतर सामोरे जाऊन ते मस्तकी धारण करावे, असा रिवाज अबुल फझलने नोंदविला आहे. ‘शिरसावंद्य’ हा शब्द तेथे अक्षरशः खरा ठरत असे.

अकबराच्या निमंत्रणावरून तपागच्छाचे आचार्य हीरविजयसूरी गुजरातेतील गंधार येथून पायी विहार करीत इ.स. १५८३ मध्ये फत्तेपूर सिक्री येथे पोहोचले. बादशहाने त्यांना ‘जगद्गुरू’ ही पदवी दिली आणि पर्युषणाच्या काळात १२ दिवस प्राणिवध बंद ठेवण्याचे फर्मान काढले. १६०५ मध्ये अकबराचे निधन झाले. पुढे जहांगीरने १६१० मध्ये पर्युषणासाठी पुन्हा फर्मान दिले. आग्र्याच्या संघाने विजयसेनसूरींना पाठविलेल्या विज्ञप्तिपत्रात तो प्रसंग शाही चित्रकार शालिवाहन याने रंगविला आहे. एका बादशहाचा शब्द दुसऱ्याच्या राज्यात आपोआप चालेल याची शाश्वती नसे, म्हणून समाजाला प्रत्येक राजवटीत पुन्हा प्रयत्न करावा लागे.

फर्मानाचे सामर्थ्य आणि मर्यादा या दोहोंची साक्ष अहमदाबादचे नगरशेठ शांतिदास झवेरी यांच्या चरित्रात मिळते. त्यांनी सरसपूर येथे बांधविलेल्या चिंतामणी पार्श्वनाथ मंदिराचे १६४५ मध्ये, औरंगजेब गुजरातचा सुभेदार असताना, मशिदीत रूपांतर झाले. शांतिदासांनी दाद मागितली. दुसऱ्याच्या मालकीच्या वास्तूला शरियतनुसार मशीद मानता येत नाही, असे मत मुल्ला अब्दुल हकीम यांनी दिले. १६४८ मध्ये शाहजहानने फर्मान काढून वास्तू परत करण्याची आज्ञा दिली. न्याय मिळाला, कागद हाती आला. तथापि ते मंदिर पूर्ववत पूजास्थान होऊ शकले नाही. पुढे त्याच औरंगजेबाने, स्वतः बादशहा झाल्यावर, १६६० मध्ये शत्रुंजय, गिरनार आणि अबू या तीर्थांविषयी शांतिदासांच्या नावे फर्मान दिले.

आज मोगल सत्ता नाही, त्या मोहरेचा धाकही उरला नाही. आज्ञा म्हणून ती फर्माने केव्हाच निष्प्रभ झाली. परंतु प्रमाण म्हणून ती टिकून आहेत. समाजाने ती पिढ्यान्‌पिढ्या जपली, म्हणूनच इतिहासकारांना ती वाचता आली. शब्दाचा जुना सगोत्र अर्थ अशा रीतीने पुन्हा प्रत्ययास येतो.

व्यापारी पेढीवर वहीला जे मोल, तेच सार्वजनिक संस्थेत दानपत्र, मालमत्तेचे दस्त आणि सभेच्या इतिवृत्ताला आहे. विश्वस्त बदलतात, पिढ्या बदलतात. जपून ठेवलेला कागद मात्र पुढच्यांच्या कामी येतो. पूर्वजांनी फर्माने सांभाळली. त्याच निष्ठेने आपापल्या संस्थांचे दप्तर सांभाळणे, हे आजच्या पिढीचे कर्तव्य होय.