अकरा विरुद्ध बावन्न

मुंबई इलाख्याच्या विधानसभेंत १० नोव्हेंबर १९३८ रोजीं एक बिनसरकारी ठराव चर्चेस आला. ठराव लहानच होता. कुटुंबाचा विस्तार मर्यादित राखण्याची निकड ध्यानीं घेऊन सरकारनें सामान्य जनतेंत संततिनियमनाचा जोरानें प्रचार करावा व त्यासाठीं लागणाऱ्या सोयी पुरवाव्या, एवढीच शिफारस त्यांत होती. त्यामागील भाषण डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं सिद्ध केलें होतें. सभागृहांत तें त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे सभासद प्रभाकर जनार्दन रोहम यांनीं मांडलें. मतें घेतलीं तेव्हां ठरावाच्या बाजूनें ११ आणि विरुद्ध ५२ पडलीं.

या आंकड्यांपाशीं क्षणभर थांबणें इष्ट आहे. त्या सभागृहांत १७५ जागा होत्या. मतें पडलीं अवघीं ६३. म्हणजे शंभराहून अधिक सभासदांचें मत कोणत्याच बाजूस नोंदलें गेलें नाहीं. घरच्या गोष्टीविषयीं चार लोकांत हात वर करण्याचा प्रसंग आला कीं भल्याभल्यांना संकोच पडतो, तो संकोच असेल. कीं नुसती अनास्था असेल. शिवाय त्या १७५ जागांपैकीं स्त्रियांसाठीं राखलेल्या जागा केवळ ६. ज्यांच्या जिवावर बेतत होतें त्यांचें प्रमाण तीस सभासदांत जेमतेम एक भरत होतें.

भाषणाचा रोख मात्र याच गोष्टीवर होता. दारिद्र्य, अन्नाचा तुटवडा, वारंवारच्या बाळंतपणानें खालावणारी स्त्रीची प्रकृति, हीं कारणें तर त्यांत होतींच. पण बाळंतपणाच्या वेणा पुरुषांच्या वांट्यास आल्या असत्या तर एकाहून अधिक मुलास त्यांतील कोणीच राजी झाला नसता, असा टोलाही त्यांत होता. पुरुषांनीं भरलेल्या सभागृहांत असें बोलण्यास छाती लागते. बाबासाहेबांची ही कळकळ त्या दिवशींची नव्हती. १९२८ सालीं गिरणीकामगार स्त्रियांना बाळंतपणाची रजा देणारें बिल मुंबई कौन्सिलांत आलें तेव्हां त्यांनीं त्याचा पुरस्कार केला होता. तें १९२९ सालीं कायदा झालें. १९३४ सालीं ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला, त्यांत रघुनाथ धोंडो कर्वे यांची बाजू त्यांनींच मांडली. कर्व्यांनीं तर १९२१ पासूनच मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र चालविलें होतें, आणि या हट्टापायीं प्राध्यापकाची नोकरीही घालविली होती.

ठराव पडला याचें फारसें नवल नाहीं. सत्तेवर बाळासाहेब खेर यांचें काँग्रेस मंत्रिमंडळ होतें, आणि महात्मा गांधींना कृत्रिम साधनें मान्य नव्हतीं. १९३५ च्या डिसेंबरांत अमेरिकेच्या मार्गारेट सँगरबाई वर्ध्यास त्यांना भेटल्या, तेव्हांही ब्रह्मचर्य हाच उपाय असा त्यांचा आग्रह राहिला. अखिल भारतीय महिला परिषदेनें मात्र त्याच सुमारास उलट कौल दिला होता.

रेणापुरास या वादाचें वारेंही लागलें नसावें. तें गांव निजामच्या राज्यांत. तेथील रयतेला कायदेमंडळावर माणूस निवडून देण्याचा अधिकारच नव्हता. मुलीच्या लग्नाचें वय १४ ठरविणारा १९२९ चा सारडा कायदाही ब्रिटिश हद्दीपुरताच होता. सप्टेंबर १९४८ मध्यें निजामी राजवट संपली, १९५२ सालीं पहिलें मत पडलें, आणि १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला. आतां मुंबईच्या सभागृहांत जें ठरेल तें रेणादेवीच्या डोंगरापर्यंत लागू होऊं लागलें.

गर्भपाताचा प्रश्न त्यानंतरचा. १८६० च्या दंडसंहितेनें आईचा जीव वांचविण्याचा अपवाद सोडून तो गुन्हा ठरविला होता. १९६४ सालीं महाराष्ट्राचे मंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली गेली, आणि तिच्या अहवालावरून संसदेनें १९७१ चा कायदा केला. तो १ एप्रिल १९७२ पासून अमलांत आला.

पुढें १९७६ सालीं काळ पालटला. राज्याचे मुख्यमंत्री नांदेडचे शंकरराव चव्हाण होते. आणीबाणी चालू होती व विरोधी पक्षांतील अनेक मंडळी तुरुंगांत होती. त्या वर्षाच्या जानेवारींत, लातूरशीं छोट्या गाडीनें जोडलेल्या बार्शींत, रस्त्यावरून माणसें धरून नेऊन नसबंदी केल्याचा प्रकार गाजला. त्याच वर्षीं तीन मुलांनंतर सक्तीनें नसबंदी करण्याचें बिल राज्याच्या विधिमंडळानें संमत केलें. इतर कोणत्याही राज्यानें तें धाडस केलें नव्हतें. राष्ट्रपतींची संमति मात्र मिळाली नाहीं, म्हणून तें कागदावरच राहिलें. ज्या सभागृहाच्या पूर्वजाला अडतीस वर्षांपूर्वीं नुसता प्रचारही जड झाला होता, त्यानें आतां सक्ति पत्करली. दोन्ही वेळां ज्या बाईच्या उंबऱ्याशीं हा कायदा यावयाचा, तिला कोणी विचारलें नाहीं.

सक्तीचें बिल गेलें, तिची सावली राहिली. सप्टेंबर २००१ नंतर तिसरें मूल झालेल्यास ग्रामपंचायतीची निवडणूक लढविण्यास राज्यानें मनाई केली. २०११ सालीं त्याच ग्रामपंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांसाठीं राखल्या गेल्या. तेव्हां रेणापूर तालुक्यांतील एखादी सून सदस्यपदासाठीं उभी राहते, तेव्हां तिला अपत्यांचा हिशोब द्यावा लागतो. तिसरें मूल तिनें मागितलें होतें कीं सासूनें, हें तो कागद विचारीत नाहीं. विधानसभेच्या उमेदवाराला मात्र ती अट नाहीं.