आपल्या स्टिल्टखालची पंचवीस वर्षे

स्मरणिका समितीने मला सोसायटीचा इतिहास लिहायला सांगितला तेव्हा मी जरा टाळाटाळच केली. नोंदणी, कन्व्हेयन्स, पाण्याची टाकी, रंगकाम हे सगळं आपले अध्यक्ष लिहीत आहेतच. मग मी म्हटलं, मी गाड्यांचा इतिहास लिहितो. आपल्या सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं चाळलीत तर भांडणं तीनच विषयांवर दिसतील : गळती, कुत्री आणि पार्किंग. त्यातल्या तिसऱ्याशी माझा संबंध जास्त आला, सेक्रेटरी म्हणून आणि एकदा आरोपी म्हणूनही.

१९९९ साली आपण इथे ठाण्यात राहायला आलो तेव्हा स्टिल्टखाली तीन चारचाकी होत्या. माझी सेकंडहँड प्रीमियर पद्मिनी, पहिल्या मजल्यावरच्या डॉक्टरांची मारुती ८०० आणि बी विंगमधल्या काकांना ऑफिसकडून मिळालेली अ‍ॅम्बॅसिडर. बाकी सगळ्या स्कूटर. उरलेल्या जागेत पोरांचं क्रिकेट, गणपतीचा मांडव, हळदीकुंकू आणि एका वर्षी चक्क लग्नाची पंगतसुद्धा झाली. पार्किंग हा शब्द तेव्हा इतिवृत्तात सापडत नाही.

पद्मिनीला आम्ही शेवटपर्यंत फियाटच म्हणत होतो. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात ती तयार व्हायची. वालचंद हिराचंद यांनी ही कंपनी १९४४ साली काढली, आणि पुढे अनेक वर्षे गाडी घ्यायची म्हणजे पैसे भरून नंबर लावायचा आणि वाट बघायची, असाच प्रकार होता. १०८९ सीसीचं इंजिन, सकाळी चोक ओढायचा, दोनदा खोकायची, मग सुरू. आमच्या गाडीला मागेच काय, पुढेही पट्टा नव्हता. नव्या गाड्यांना पुढचे पट्टे सक्तीचे झाले १९९४ साली आणि मागचे २००२ साली. माझं मॉडेल त्याच्या आधीचं. त्यात आम्ही सहा जण बसून अक्कलकोटला गेलो आहोत, धाकटी हिच्या मांडीवर, पुढच्या सीटवर. आज तो फोटो बघितला की पोटात गोळा येतो. तेव्हा मात्र मांडीपेक्षा सुरक्षित जागा कुठली, असंच वाटायचं. ताशी पन्नासच्या वेगात गाडी आदळली तर दहा किलोचं मूल कुठल्याही आईच्या हातात राहत नाही. हे मला फार उशिरा कळलं.

डॉक्टरांची मारुती ही मात्र वेगळी चीज. पहिली मारुती ८०० इंदिरा गांधींच्या हस्ते १४ डिसेंबर १९८३ रोजी ग्राहकाला दिली गेली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, किंमत पन्नास हजारांच्या आसपास. वर्गातल्या पहिल्या नंबराच्या मुलासारखी एका किल्लीत सुरू व्हायची. मला तिचा हेवा वाटायचा, हे पंचवीस वर्षांनी कबूल करायला हरकत नाही. मग डिसेंबर १९९८मध्ये टाटांची इंडिका आली, बँका घरी येऊन कर्ज द्यायला लागल्या, आणि २००४पर्यंत आपल्याकडे अकरा गाड्या झाल्या. क्रिकेट मागच्या गल्लीत गेलं.

२६ जुलै २००५, मंगळवार. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आपल्या सी विंगमधले एक सभासद एल.बी.एस. मार्गावर कुर्ल्याजवळ नव्या गाडीत अडकले. पाणी दारापर्यंत आलं तेव्हा गाडी सोडवेना, हप्ते चालू होते. शेजारच्या ट्रकवाल्याने काचेवर थापा मारून त्यांना अक्षरशः ओरडून बाहेर काढलं. ते रात्रभर चालत पहाटे घरी पोचले. त्या रात्री मुंबईत काही लोक बंद गाड्यांतच गेले. दारांची लॉक आणि विजेवरच्या काचा उघडल्या नाहीत, किंवा इंजिन चालू ठेवून बसले आणि धुराच्या नळीत पाणी शिरल्याने विषारी वायू आत साठला.

आपले हे सभासद नंतर जे सांगायचे ते इथे लिहून ठेवतो, कारण दर जूनमध्ये कुणीतरी विचारतंच. पाणी चाकाच्या मध्यापर्यंत आलं की पुढे जायचं नाही. अडकलातच तर आधी काचा खाली घ्यायच्या, लॉक उघडायचं आणि गाडीचा मोह सोडून बाहेर पडायचं. काच उघडलीच नाही तर सीटवरची डोकं टेकायची उशी उपसून काढा, तिच्या दोन लोखंडी दांड्यांपैकी एक बाजूच्या काचेच्या कोपऱ्यात खुपसून दाबा. मधोमध मारू नका, आणि पुढच्या काचेच्या नादी लागू नका, ती चिकट पापुद्र्याची असते, फुटून गळत नाही.

त्यांची गाडी तिसऱ्या दिवशी सापडली. आणि तिथे त्यांनी ती चूक केली जी आपण सगळ्यांनीच केली असती : किल्ली फिरवली. इंजिनात शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकला. विमा कंपनीने सांगितलं, पुराचं नुकसान देऊ, पण तुम्ही चालू करायला गेलात त्याचं नाही. वर्षभर पत्रव्यवहार चालला, हाती काही आलं नाही. म्हणून बुडालेली गाडी ढकलून किंवा टो करून गॅरेजला न्यायची, बॅटरीची वायर काढून ठेवायची, आणि विमा घेताना इंजिनासाठीचं वेगळं संरक्षण आहे का ते वाचायचं. एजंट सांगेल तेवढ्यावर जाऊ नका.

आता पार्किंगचं महाभारत. बिल्डरने ताबा देताना चार जणांना स्टिल्टच्या जागा पावती देऊन विकल्या होत्या. जोवर गाड्या कमी होत्या तोवर कुणाला काही वाटलं नाही. जागा संपल्या तेव्हा त्या चार पावत्या बाहेर आल्या. ३१ ऑगस्ट २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्था या खटल्यात निकाल दिला की १९६३च्या मोफा कायद्याखाली स्टिल्टची जागा ही सामाईक जागा आहे, बिल्डरला ती फ्लॅटसारखी सुटी विकता येत नाही. दहिसरच्या एका सोसायटीने लढलेला खटला, पण त्याचे पडसाद आपल्या जिन्यात उमटले. दोन वर्षे काही घरांतून एकमेकांकडे दिवाळीचा फराळ गेला नाही. मी तेव्हा सेक्रेटरी होतो. पावतीवाल्यांचं म्हणणं चूक नव्हतं, पैसे त्यांनी खरंच दिले होते, फक्त ज्याला दिले त्याला ती जागा विकायचा अधिकार नव्हता. शेवटी उपविधींप्रमाणे एका घराला एक जागा, गाड्या जास्त आणि जागा कमी असतील तर दरवर्षी चिठ्ठ्या, असं ठरलं. चौघांनीही ते मान्य केलं, याबद्दल त्यांचे आभार मानायचे राहून गेले होते, ते इथे मानतो.

पण मला सांगायचं आहे ते २०१२च्या दिवाळीचं.

मला त्या वर्षी चिठ्ठीत सात नंबर आला होता, गेटच्या डावीकडचा कोपरा. त्याच्या मागे मोकळी मातीची पट्टी आहे आणि तिथे आपली मुलं दरवर्षी किल्ला करतात. वसुबारसेच्या संध्याकाळी मी पणत्या आणायला निघालो. पद्मिनी जाऊन हॅचबॅक आली होती. आरशात बघितलं, मागे काही नाही. गाडी मागे घेतली. वॉचमनने डिकीवर काठी इतक्या जोरात मारली की मी रागाने खाली उतरलो. मागच्या चाकापासून फूटभर अंतरावर ए विंगमधली सहा वर्षांची मुलगी उकिडवी बसून तटबंदीवर आळीव पेरत होती. किल्ल्याचा बुरूज आणि दोन मावळे चाकाखाली गेले होते. तिने माझ्याकडे बघून एवढंच विचारलं, "आजोबा, दरवाजा मोडला का?"

मी त्यानंतर तीन महिने गाडी चालवली नाही. वेग किती होता? माणूस चालतो तेवढा. चूक कोणाची, हे मी स्वतःला पुष्कळ विचारलं. आरशात ती दिसत नव्हती हे खरं आहे, पण बसलेलं मूल कुठल्याच गाडीच्या आरशात दिसत नाही, हेही तितकंच खरं. हायवेवर आपण डोळ्यांत तेल घालून चालवतो आणि स्वतःच्या गेटात शिरलो की घरी पोचलो म्हणून सैल सोडतो. आपल्या गाडीचा सगळ्यात धोकादायक प्रवास गेट ते खांब या चाळीस मीटरचा आहे, असं माझं तेव्हापासूनचं ठाम मत आहे. त्या वर्षीच्या ठरावाने तीन गोष्टी झाल्या : गाडी नेहमी मागे घेऊन लावायची म्हणजे निघताना तोंड बाहेर राहतं, चालू करण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारायची, आणि संध्याकाळी पाच ते आठ वॉचमनने उभं राहून गाड्या काढून द्यायच्या. मागे घेतानाचे सेन्सर सरकारने नव्या गाड्यांना १ जुलै २०१९पासून सक्तीचे केले. चालकाची एअरबॅग आणि पट्टा न लावल्यास वाजणारी पिपाणीही तेव्हाच आली. पण सेन्सर आहे म्हणून फेरी सोडलेले दोघं मला माहीत आहेत. नावं लिहीत नाही.

त्या पिपाणीचं एक सांगायलाच हवं. ती गप्प करायला नुसती क्लिप अडकवायची पद्धत निघाली. आपल्याच स्टिल्टखाली मी तशा क्लिपा बघितल्या आहेत. केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२३मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना त्या काढून टाकायला लावल्या. आणि मागच्या सीटचं? सप्टेंबर २०२२मध्ये पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री गेले, ते मागे बसले होते आणि पट्टा लावला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. पुढे महिनाभर आपल्याकडे सगळे मागेही पट्टा लावत होते. आता पुन्हा विचारलं की "इथेच तर जायचंय" असं उत्तर येतं. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा त्याच्या मापाची सीट हवी, हा आता कायदा आहे. आणि पुढच्या सीटसमोर एअरबॅग असेल तर तान्ह्या बाळाची मागे तोंड केलेली सीट तिथे कधीही लावू नका.

याच कारणाने डॅशबोर्डवरच्या बाप्पाबद्दलही बोलतो, कुणी रागावू नये. डाव्या बाजूची एअरबॅग डॅशबोर्डच्या वरच्या झाकणातून येते, आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत येते. त्या झाकणावर चिकटवलेली मूर्ती, अत्तराची बाटली, मोबाइलचा स्टँड, सगळं समोरच्याच्या तोंडावर येतं. बाप्पा मधोमध, लहान, मऊ असावा. खंडेनवमीला हार घाला, पण चाकाखालचं लिंबू चिरडून झालं की स्टेअरिंगवरचा हार काढा.

जानेवारी २०१४मध्ये ग्लोबल एनकॅपने आपल्याकडच्या पाच गाड्या ताशी ६४च्या वेगाने आपटून बघितल्या. अल्टो ८००, नॅनो, आय१०, फिगो आणि पोलो, सगळ्या एअरबॅगविना, आणि सगळ्यांना शून्य तारे. त्यातल्या दोन आपल्या कंपाउंडमध्ये होत्या. एक माझी. तोवर मी शोरूममध्ये फक्त अ‍ॅव्हरेज विचारत होतो. मग २०१८च्या डिसेंबरात टाटा नेक्सॉनला पाच तारे मिळाले आणि ऑक्टोबर २०२३पासून आपलीच भारत एनकॅप चाचणी सुरू झाली. आता मुलं गाडी घेताना तारे विचारतात. त्याच ऑक्टोबरच्या शेवटी मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून उतरली. मी टीव्हीवर बघत होतो. हिने विचारलं, डोळ्यांत काय गेलं.

बाकी किरकोळ. टायरची हवा गाडी थंड असताना महिन्यातून एकदा बघा, आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला असतो. स्टेपनीचीही बघा, आपल्या कॉम्प्रेसरवाल्याला सांगावं लागतं. टायरच्या खाचांमध्ये झिजेची खूण असते, नक्षी तिच्या बरोबरीला, म्हणजे १.६ मिलिमीटरवर आली की पुणे एक्सप्रेसवेवर त्या टायरने जाऊ नका, मग गाडी नवी असो की जुनी. वायपरची रबरं मेअखेर बदला. उंदीर वायरी कुरतडतात म्हणून तंबाखूची पानं बांधणारे आपल्याकडे आहेत. माझा अनुभव असा की गाडीत वेफर्सचं पाकीट नसणं हे पानापेक्षा जास्त चालतं.

आज आपल्याकडे २८ घरांत ३१ गाड्या आहेत, त्यातल्या दोन विजेवरच्या, आणि जागा १९. आळीव पेरणारी ती मुलगी आता अठरा वर्षांची आहे, गेल्या महिन्यात लायसन्स मिळालं. चार गाड्यांची सोय व्हावी म्हणून मातीच्या पट्टीवर पेव्हर ब्लॉक टाकायचा प्रस्ताव सध्या समितीपुढे आहे. यंदाही चिठ्ठीत मला सात नंबरच आला. मी लेखी अर्ज दिला आहे की सात नंबर कायमचा चिठ्ठीतून वगळावा आणि पट्टी आहे तशी ठेवावी. माझी गाडी मी बाहेर, नाक्यावर लावतो. अर्ज पुढच्या सर्वसाधारण सभेत विषय क्रमांक ६ म्हणून येईल. कोरमसाठी तरी सगळ्यांनी यावं.