खुल्या व्हिडिओ-बोर्डाची वंशावळ

टीव्हीला जोडायच्या स्वस्तातल्या डबीतही आज व्हिडिओ उलगडणारी चिप असते. तिच्या आत काय चाललंय, हे विकत घेणाऱ्याला मात्र बघता येत नाही. ज्यांचे आराखडे कुणीही वाचावेत, बदलावेत, स्वतः बनवावेत असे बोर्ड काही हट्टी माणसांनी केले, त्यांचं हे कूळ.

मूळपुरुष 1972 मध्ये सापडतो. बंगळुरूत जन्मलेले नसीर अहमद तेव्हा अमेरिकेत कॅन्सस स्टेट विद्यापीठात होते. डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म नावाच्या गणिती युक्तीसाठी त्यांनी नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे निधी मागितला. तो नाकारला गेला. तरी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांनी 1974 मध्ये ती छापली. चित्राचे छोटे चौकोन करायचे आणि डोळ्याला जाणवणार नाही तो तपशील टाकून द्यायचा, हे तिच्यामुळे सोपं झालं. जेपेग, एमपेग, एच.264 यांच्या पोटात तीच किंवा तिची भावंडं आहेत. सूत्र सगळ्यांसाठी छापलेलं होतं. त्यावर उभ्या राहिलेल्या पद्धतींवर मात्र पेटंटांचे थर चढले. 2012 च्या रास्पबेरी पायमधल्या चिपला एमपेग-2 उलगडता येत होतं, पण ते चालू करायला 2.40 पौंडांची वेगळी परवाना-किल्ली घ्यावी लागे.

बंद चिपला पर्याय मिळाला तो एफपीजीएचा. या चिपमधल्या जोडण्या विकत घेतल्यावरही नव्याने मांडता येतात. सेबास्तियाँ बूर्दोदुक या फ्रेंच तंत्रज्ञाने 2011 मध्ये तिच्यावर ‘मिल्कीमिस्ट वन’ उभा केला. काम चैनीचं: संगीताच्या कार्यक्रमात पडद्यावर रंगीत दृश्यं नाचवणं. पण प्रोसेसरपासून मेमरी कंट्रोलरपर्यंत त्याची सगळी मांडणी वाचता येत होती. यंत्र फार चाललं नाही, वंश चालला. त्याच्यातून मायसॉक आणि पुढे फ्लोरेंट केरमारेक यांचं लाइटएक्स निघालं. नव्या बोर्डांसाठीचे तयार सुटे भागच जणू.

दुसरी शाखा त्याच वर्षीची. अँड्र्यू ‘बनी’ ह्वांग यांचा ‘नेटीव्ही’ माझ्या मते या कुळातला सर्वांत चलाख. इंटरनेटवरून आलेला मजकूर टीव्हीवर चालू असलेल्या चित्रावर उमटवायचा, एवढंच त्याचं काम. अडचण अशी की एचडीएमआय केबलमधलं चित्र बऱ्याचदा एचडीसीपीने कुलूपबंद असतं आणि ते कुलूप तोडणं अमेरिकेत कायद्याच्या कचाट्यात येतं. त्या कुलपाची मुख्य किल्ली 2010 मध्ये जगजाहीर झाली होती. ह्वांगनी ती घेतली, पण चित्र उघडलंच नाही. दोन उपकरणांमधली किल्ल्यांची देवाणघेवाण नेटीव्ही ऐकतो, आपले ठिपके त्याच सांकेतिक रूपात बदलतो आणि मूळ ठिपक्यांच्या जागी बसवतो. टीव्ही ते आपलेच समजून उलगडतो. चोराने दारात उभं राहून घरात न शिरण्याचा हा प्रकार, आणि तोही वकिलाला विचारूनच सुचावा असा!

तिसरी शाखा घरी आली. परिषदांमधली भाषणं नीट चित्रित व्हावीत म्हणून टिम अँसेल यांनी एचडीएमआय-टू-यूएसबी प्रकल्प सुरू केला: वक्त्याच्या लॅपटॉपचं चित्र दुसऱ्या संगणकाला वेबकॅमसारखं दिसावं. त्यासाठी खास ‘ऑप्सिस’ हा बोर्ड बंगळुरूच्या नुमाटो लॅबने तयार केला आणि 2015 मध्ये लोकवर्गणीतून तो बाजारात आला. या प्रकल्पाने चित्र जेपेगमध्ये आवळलं, म्हणजे नसीर अहमदांचीच युक्ती वापरली, आणि पुढे लाइटएक्सही स्वीकारलं.

किमतीत बंद डबीशी टक्कर देणं यांतल्या कुणालाच जमलं नाही. एफपीजीए महाग, ग्राहक थोडे. पण ह्वांग यांची खरी अडचण पैशाची नव्हती. कुलूपबंद व्हिडिओ उलगडून त्यावर काम करू देणारा नवा बोर्ड त्यांना हवा होता. 2016 मध्ये मॅथ्यू ग्रीन या संशोधकासह त्यांनी अमेरिकी सरकारवर दावा लावला: कुलूप तोडण्यावरची बंदी अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या आड येते. 2018 मध्ये ‘नेटीव्ही2’ लोकवर्गणीला आला, लाइटएक्सवर चालणारा; दोन शाखा अशा एकत्र आल्या. 2024 च्या ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने कुलूप तोडण्यावर बंदी घालणारा कायदा एकूणात घटनाबाह्य ठरवायला नकार दिला आणि बंदी कायम राहिली.