अंगणांतील शेगडी आणि घरांतील चूल

अलीकडे सुखवस्तु कुटुंबांत एक नवी हौस दिसूं लागली आहे. घराच्या मागील अंगणांत किंवा गच्चीवर लोखंडी जाळीची शेगडी मांडावी, सुटीच्या दिवशीं इष्टमित्रांस बोलवावें आणि निखाऱ्यांवर मासे, मांस, पनीर, कणसें भाजून खावीं, अशी ही हौस होय. तिच्यासाठीं बाजारांत मिळणाऱ्या शेगड्या नाना तऱ्हांच्या आहेत. कांहीं कोळशावर चालतात, कांहीं गॅसवर, कांहीं विजेवर. आणि कांहीं झांकणाच्या पेट्या तर पदार्थ नुसत्या धुरावर तासन् तास शिजवीत ठेवतात. यांतील कोणती घ्यावी, हा प्रश्न बहुतेक लोक किंमतपत्रकें चाळून सोडवितात. आमच्या मतें त्याचें उत्तर आपल्याच घराच्या इतिहासांत अधिक चांगलें सांपडतें. उघड्यावर विस्तव करून त्यावर अन्न भाजण्याची विद्या आपणांस परदेशांतून आणावयाची नाहीं. ती येथें फार जुनी आहे. मात्र त्या विद्येबरोबर एक जुना अन्यायहि चालत आला आहे, आणि नवी शेगडी घेतांना तो विसरतां कामा नये. हें दाखविण्यासाठीं परभणी जिल्ह्यांतील सोनपेठच्या मुलखाकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों.

प्रथम या विद्येचें वय पाहूं. पुणें जिल्ह्यांत घोड नदीच्या कांठीं इनामगांव येथें डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनीं १९६८ पासून सुमारें पंधरा वर्षें उत्खनन केलें. तेथील ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वस्ती साडेतीन हजार वर्षांपूर्वींची. तिच्या घरांत आंत चुली होत्या, तशा बाहेर अंगणांतहि विस्तवाच्या जागा होत्या. पाणिनीच्या व्याकरणांत शूलावर भाजलेलें तें ‘शूल्य’ आणि उखेंत, म्हणजे भांड्यांत, शिजविलेलें तें ‘उख्य’, हीं दोन नांवें एकाच सूत्रानें सिद्ध केलेलीं आहेत. पुढें इ.स. ११३० च्या सुमारास कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लासा’ंत राजाच्या भोजनाचें जें सविस्तर वर्णन आलें, त्यांत निखाऱ्यांवर भाजलेल्या मांसाचे प्रकार आहेत. ही कल्याणी म्हणजे आजचें बसवकल्याण. सोनपेठ आणि बसवकल्याण हीं दोन्ही गांवें १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यांत होतीं. तेव्हां राजाचें हें स्वयंपाकघर आम्हांस कांहीं परकें नव्हे.

या सर्व पुराव्यांतून एक गोष्ट ध्यानांत येते. आपल्या घरास पूर्वींपासून दोन अग्नि आहेत. एक आंतला, रोजच्या पोटाचा. दुसरा बाहेरचा, हौसेचा. शास्त्रकार, राजे आणि रसिक यांनीं बाहेरच्या अग्नीचें कौतुक केलें. आंतल्या अग्नीपुढें कोण बसलें आहे याची विचारपूस मात्र क्वचितच झाली.

आतां सोनपेठकडे वळूं. हें गोदावरीच्या दक्षिणेचें, काळ्या जमिनीच्या प्रदेशांतील बाजाराचें गांव. या मुलखांत जंगल नाममात्रच आहे. सह्याद्रीच्या कुशींतील कुटुंबाप्रमाणें लांकडाचे ओंडके जाळण्याची चैन येथील गृहस्थास कधींच परवडली नाहीं. शेतांतून जें निघेल तें सरपण: कापसाच्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या, ज्वारीचीं धसकटें, बांधावरच्या बाभळीचीं काटकुटें, आणि गोठ्यांतल्या शेणाच्या गोवऱ्या. चुलीची घडण आणि स्वयंपाकाची रीत हीं या सरपणावरून ठरलीं. पऱ्हाटी भरकन् पेटते, मोठी ज्योत देते आणि तितक्याच लवकर विझते; म्हणून ती सारखी पुढें सारावी लागते व चुलीपुढील माणसास उठतां येत नाहीं. गोवरी मात्र ज्योतीवांचून धुमसत राहते; दूध आटविण्यास, पाणी ऊन ठेवण्यास तीच बरी. भाकरीस दोन्ही लागतात. तव्यावर ती पऱ्हाटीच्या ज्योतीवर भाजते, आणि मग चुलीच्या तोंडाशीं ओढलेल्या निखाऱ्यांसमोर उभी केली कीं टम्म फुगते. निखाऱ्याची आंच दुरून घ्यावी, ज्योत पदार्थास लागूं देऊं नये, हें जाळीच्या शेगडीचें मुख्य तत्त्व होय; आणि सोनपेठची बाई तें पिढ्यान् पिढ्या रोज दोन वेळां वापरीत आली आहे.

शेण जाळतात म्हणून आपल्या शेतकऱ्यास अडाणी ठरविण्याची एके काळीं विद्वानांत चाल होती. डॉ. जॉन ऑगस्टस व्होल्कर या इंग्रज कृषिरसायनशास्त्रज्ञानें १८९३ च्या आपल्या अहवालांत या मताचें खंडन केलें. शेणाचें मोल शेतकरी जाणतो. परंतु दुसरें सरपण मिळत नाहीं म्हणून खत चुलींत जातें, असें त्यानें दाखविलें. सरपणाचा प्रश्न हा अशा रीतीनें शेताच्या कसाचा प्रश्न आहे.

बाहेरच्या अग्नीचे सोहळेहि याच सरपणावर उभे राहिले. पौष-माघांत ज्वारीचें कणीस दुधांतून चिकांत आलें कीं शेतांत आगटी होते. जमिनींत लहानसा खळगा खणून त्यांत गोवऱ्या पेटवितात. ज्योत सरूं देतात. आणि मग कणसें त्या फुफाट्यांत खुपसतात. भाजलेलें कणीस हातानें चोळून निघालेला हुरडा तिळाच्या किंवा जवसाच्या चटणीबरोबर खावा, हें मराठवाड्याच्या हिंवाळ्याचें मोठें सुख होय. गव्हाच्या जाड पिठाचे रोडगेहि गोवऱ्यांच्या विस्तवांतच भाजतात. वर राख झाडून, फोडून, तुपांत बुडवावे, कीं वांग्याच्या भाजीबरोबर पंगत बसते. या दोन्ही प्रसंगीं विस्तवापाशीं बहुधा पुरुष असतात. उघड्या माळावर, चार मंडळींत, वर्षांतून दोन-चार वेळां विस्तवाशीं खेळणें कोणास आवडणार नाहीं?

ज्यास आज आपण धुराची पेटी किंवा झांकणाची शेगडी म्हणून मोठ्या किंमतीस विकत घेतों, तिचेंहि बीज आपल्याकडे आहे. रायगड जिल्ह्यांत मडक्याच्या तळाशीं भांबुर्ड्याचा पाला घालून वालाच्या शेंगा, बटाटे, अंडीं किंवा कोंबडी भरतात, तोंडहि पाल्यानेंच बंद करतात, आणि मडकें पालथें घालून भोंवतीं जाळ करतात. पाण्याचा थेंब न घालतां, पदार्थ आपल्याच वाफेंत आणि पाल्याच्या वासांत शिजतो. हीच ती पोपटी. हैदराबादच्या राज्यांत शहरोशहरीं आलेला तंदूर हा तिचाच थोरला भाऊ. त्याचें नांव फारसीवाटे आलें असलें तरी त्याचें मूळ मेसोपोटेमियाच्या प्राचीन भाषेपर्यंत पोंचतें. जपानांतील ‘कामादो’ या मातीच्या चुलीच्या धर्तीवरचीं जाड भिंतींचीं भांडीं दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैनिकांनीं मायदेशीं नेलीं. आणि १९५२ मध्यें शिकागोजवळ जॉर्ज स्टीफन नांवाच्या लोखंडकाम करणाऱ्या गृहस्थानें समुद्रांतील बोया कापून गोल झांकणाची शेगडी बनविली, तिची संतति आज आपल्या बाजारांत आली आहे. यंत्रें निराळीं, परंतु तत्त्व एक: जाड भिंत आंच धरून ठेवते, झांकण वाफ व वास कोंडतें, आणि वाऱ्याचीं भोंकें उघडून-मिटून विस्तव आपल्या मुठींत राहतो.

येथवर सर्व गोड. आतां आंतल्या अग्नीकडे पाहिलें पाहिजे. हुरड्याच्या आगटीचा धूर आकाशांत जातो. चुलीचा धूर बाईच्या डोळ्यांत व छातींत जातो. धाब्याच्या घरांतील लहानसें झरोकें तेवढा त्याचा मार्ग. फुंकणीनें निखारा फुंकतांना तिचें तोंड चुलीपासून हातभर अंतरावर असे, आणि पाठीशीं किंवा मांडीवर मूल असे. या धुरानें दमा, फुफ्फुसांचे जुनाट विकार आणि मुलांचा न्यूमोनिया यांस हातभार लागतो, हें वैद्यकशास्त्र आतां निःसंदिग्धपणें सांगतें.

उपाय झाले नाहींत असें नाहीं. स्वीडनमध्यें १८९२ च्या सुमारास फ्रान्स लिंडक्विस्ट यानें काढलेला राॅकेलचा दाबाचा स्टोव्ह ‘प्रायमस’ या नांवानें शहरांतल्या मराठी घरांत रुळला. पण राॅकेल विकत आणावें लागे आणि पऱ्हाटी शेतांत फुकट मिळे, म्हणून खेड्यांतली चूल हलली नाहीं. वर्ध्याच्या मगनवाडींत ग्रामोद्योगाच्या कार्यकर्त्यांनीं ‘मगन चूल’ बनविली. सोनपेठ ज्या राज्यांत होतें त्या हैदराबादेंतच अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेचे डॉ. एस. पी. राजू यांनीं धुराडें असलेली मातीची चूल तयार केली आणि १९५३ मध्यें तिची माहिती देणारी इंग्रजी पुस्तिका प्रसिद्ध केली. सरकारनेंहि १९८३ च्या सुमारास सुधारलेल्या चुलींचा देशव्यापी कार्यक्रम हातीं घेतला. तो २००२ पर्यंत चालला. कोट्यवधि चुली वांटल्या गेल्या. परंतु पुष्कळ ठिकाणीं धुराडीं तुंबलीं, चुली भेगाळल्या, कोठें घरचें भांडें बसेना, तर कोठें घरचें सरपण जाईना. जिनें ती वापरावयाची तिला विचारून त्या घडल्या नव्हत्या, हें अपयशाचें एक मोठें कारण होतें. सोनपेठला लागून असलेल्या परळी तालुक्यांत दगडी कोळशावर वीज करण्याचें केंद्र १९७१ मध्यें सुरू झालें. ती वीज दिव्यांस मिळाली, चुलीस मिळाली नाहीं. शेवटीं १ मे २०१६ रोजीं सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेनें गॅसची टांकी गरिबाच्या घरापर्यंत नेली. हें काम मोठें, यांत संशय नाहीं. तरी टांकी संपली व हातीं पैसा नसला कीं पऱ्हाटी पुन्हां पेटते, आणि भाकरी व आंघोळीचें पाणी हीं कित्येक घरांत अजून चुलीकडेच आहेत.

हा इतिहास ध्यानांत ठेवून नव्या शेगडीची निवड केली, तर तीन कसोट्या आपोआप हातीं येतात.

पहिली कसोटी सरपणाची. जें जवळ मिळतें त्यावर चालणारी शेगडी घ्यावी. परंपरागत भट्टींत एक किलो लोणारी कोळशास पांच किंवा त्याहून अधिक किलो लांकूड खर्ची पडतें. ज्या जिल्ह्यांत झाडें विरळ, तेथें हौसेसाठीं बाभळी तोडणें शोभत नाहीं. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेनें डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखालीं उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याची रीत बसविली व २००२ मध्यें तिला इंग्लंडमधील ॲश्डेन पारितोषिक मिळालें. गोदाकांठच्या उसाच्या पट्ट्यांत पाचट शेतांतच पेटवून देण्यापेक्षां हा मार्ग कितीतरी शहाणपणाचा. रंग दिलेलें किंवा औषध लावलेलें लांकूड मात्र कधींहि जाळूं नये. त्याचा विषारी धूर अन्नांत उतरतो.

दुसरी कसोटी वाऱ्याची. पातळ पत्र्याची शेगडी स्वस्त असते, पण आंच धरीत नाहीं व दोन पावसाळ्यांत गंजते. जाड लोखंडाची किंवा मातीची टिकते. झांकण असावें, आणि खालीं व वर वाऱ्याचीं भोंकें मिटतां येतील अशीं असावीं. धुरावर शिजवावयाचें तर आंतली उष्णता ११० अंश सेंटिग्रेडच्या आसपास तासन् तास राखावी लागते. तें या भोंकांवांचून साधत नाहीं. निखाऱ्यांवर पांढरी राख धरेपर्यंत पदार्थ वर ठेवूं नये, आणि चरबी निखाऱ्यांवर ठिबकून भडका होऊं देऊं नये, कारण त्या भडक्यांतूनच अपायकारक द्रव्यें मांसास चिकटतात. कोंबडीचा गाभा ७४ अंशांपर्यंत तापला पाहिजे. वरची काळी साल पाहून ती शिजली असें समजणें धोक्याचें. सर्वांत महत्त्वाचें म्हणजे कोळशाची शेगडी, पेटलेली असो वा विझत आलेली, बंद खोलींत कधींहि नेऊं नये. तिच्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूस वास नाहीं व रंगहि नाहीं. तो झोपेंतच माणसास नेतो.

तिसरी कसोटी इतिहासानें शिकविलेली, आणि ती कोणत्याच किंमतपत्रकांत नसते: या विस्तवापुढें कोण बसणार? अंगणांत नवी शेगडी मांडावी, मित्रांनीं वाहवा करावी, आणि मसाला वाटणें, मांस साफ करणें, जाळी व राख काढणें हीं कामें पुन्हां आंतल्या माणसाकडेच जावीं, असें होणार असेल तर ती शेगडी घरांत आणखी एक चूलच आणते. घरांत स्वयंपाकघराचें धुराडें तुंबलेलें असेल, किंवा वृद्ध आई अजून पऱ्हाट्यांवर पाणी तापवीत असेल, तर हौसेच्या पैशांचा पहिला हक्क त्या चुलीचा आहे.

हौस वाईट नाहीं. हुरड्याच्या आगटीवांचून सोनपेठचा माघ पुरा होत नाहीं, आणि त्या आगटीभोंवतीं जी माणसें जमतात तीं जमलींच पाहिजेत. परंतु इनामगांवापासून आजपर्यंत घरास दोन अग्नि राहिले, आणि एकाचें सुख व दुसऱ्याचा धूर यांची वांटणी आपण कधीं न्यायानें केली नाहीं. तीन हजार वर्षांनंतर ती करण्याची साधनें आपल्या हातीं आलीं आहेत. आधीं आंतला धूर काढावा, मग बाहेर निखारा फुलवावा. आणि तो फुलविणाऱ्यानेंच शेवटीं राखहि उचलावी.