पुना-बेंगलोर रोड

पुण्याहून बंगळूरला जाणारा रस्ता आता ४८ नंबरचा. २०१० साली राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक बदलले, त्यात आमचा जुना ४ नंबर गेला. कोल्हापुरात मात्र आम्ही अजून 'पुना-बेंगलोर रोड'च म्हणतो. जुनी जीभ, लवकर वळत नाही.

कागल सोडून दूधगंगा ओलांडली की कोगनोळी, म्हणजे कर्नाटक. पुढे निपाणी. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हे गाव बेळगाव जिल्ह्याबरोबर मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. गंमत बघा, निपाणीकरांचे देवचंद कॉलेज अर्जुननगरला, म्हणजे कागल तालुक्यात, महाराष्ट्रात! पोरे राज्य ओलांडून शिकायला जातात. तंबाखूलाही ही सीमा कधी कळली नाही. शेतकरी कागलचा असो की चिकोडीचा, माल निपाणीच्या बाजारात यायचा आणि भाव व्यापारी ठरवायचा.

त्या भावासाठी १४ मार्च १९८१ ला शेतकरी बैलगाड्या घेऊन या महामार्गावर बसले. नेते शरद जोशी. निपाणीत विडी कामगार बायकांना संघटित करणारे प्रा. सुभाष जोशी बरोबर. रास्ता रोको म्हणजे तासभर घोषणा आणि मग सगळे घरी, अशी आपली समजूत. इथे हजारो माणसे तीन आठवड्यांहून जास्त दिवस रस्त्यावर राहिली. तिथेच भाकरी, तिथेच झोप. त्या वस्तीला आंदोलननगर असे नावही पडले. शेतात बसून कोण ऐकणार? हा रस्ता अडला तर बंगळूरलाही कळणार होते आणि मुंबईलाही.

मी तेव्हा तिशीचा, शाळेत मास्तर. बेळगावला बहिणीच्या धाकट्या मुलाचे बारसे होते. आमची एस.टी. आतल्या रस्त्याने वळवली आणि धूळ खात, खड्ड्यांतून धक्के खात निघाली. मी वाटभर कुरकुरत होतो, यांना काही कामधंदा नाही का म्हणून. शेजारचे फेटेवाले म्हातारबा माझ्या मांडीवरची पेपरांची पिशवी बघून शांतपणे म्हणाले, "मास्तर, तुमचा पगार एक तारखेला येतोय. आमचं काय, घेणारा म्हणंल त्यो भाव." मी खिडकीबाहेर बघत बसलो. उत्तर नव्हते.

६ एप्रिलला पोलिसांनी ती वस्ती उठवली. गोळीबार झाला, त्यात शेतकरी मेले. दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत पेपर हातोहात फिरत होता. माझ्याकडे आला तेव्हा मी आधी त्या म्हातारबांचे नाव शोधू लागलो. मग लक्षात आले, नाव विचारलेच नव्हते.

भाचा आता चाळिशी ओलांडून बंगळूरला स्थायिक आहे. गाडीने येताना निपाणी कधी मागे पडते कळतही नाही, म्हणतो. मामा त्याच्या बारशाला पाळणा झाल्यावर पोचला, हे मात्र त्याच्या आईने त्याला शंभरदा ऐकवले आहे.