सृष्टीचा कर्ता आणि आचार्य जिनसेन

भीमाकाठच्या वढू बुद्रुक परिसरात वारकरी शेजाऱ्याच्या मुखी जगन्नियंत्याचे नाम असते. जैन श्रावक मात्र विश्व अनादि-अनंत मानतो. हा मतभेद फार प्राचीन आहे.

न्यायदर्शनाचे अनुमान असे : घट आहे त्याअर्थी कुंभार आहे, तद्वत् सृष्टी हे कार्य असल्याने तिचा कर्ता ईश्वर होय. नवव्या शतकात, राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळी, आचार्य जिनसेनांनी संस्कृत ‘आदिपुराणा’त या कर्तृत्ववादाचे खंडन केले. कर्त्याला दुसरा कर्ता मानावा, तर त्यालाही तिसरा लागतो. ही मालिका कोठेच थांबत नाही. यालाच अनवस्था दोष म्हणतात. कर्ता स्वयंसिद्ध मानावा, तर विश्वच स्वयंसिद्ध मानण्यास हरकत कोणती? शिवाय ईश्वर कृतकृत्य असेल, तर त्यास निर्मितीची इच्छा का व्हावी? आणि अपूर्ण असेल, तर तो ईश्वर कसा?

जिनसेनांचे अपुरे राहिलेले ‘महापुराण’ शिष्य गुणभद्रांनी पूर्ण केले. पुढे १९८० मध्ये खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांनी ‘कॉसमॉस’ या ग्रंथात त्यातील हाच विचार उद्धृत केला.

राष्ट्रकूटकाळात वेरूळच्या एकाच डोंगरात शिवाचे कैलास लेणे आणि जैन लेणी कोरली गेली. मते निराळी, डोंगर एक!

जगाला कर्ता नाही, याचा अर्थ जीव स्वैर आहे असा नव्हे. उलट कर्माचा हिशेब दुसऱ्याच्या खाती टाकता येत नाही; तो ज्याचा त्यानेच चुकता करावयाचा असतो. सुवर्णमहोत्सवी वर्षात या जबाबदारीचे स्मरण सर्वांना राहो.