विसरणे हा गुन्हा नव्हे

१८८० च्या दशकात नीरा डावा कालवा वाहू लागला. त्याच्या पाण्यावर बारामती-इंदापुरात ऊस वाढला, उसामागून साखर कारखाने आले आणि कारखान्यांबरोबर पाळ्या आल्या. पाळीत विसरायला जागा नसते. झडप बंद करायची राहिली, नोंद चुकली, की 'हयगय' म्हणून आरोपपत्र हाती पडते. हे कोण्या एका कारखान्याचे नव्हे. अशा चौकशीत कामगारामागे उभे राहताना 'याचे वय झाले' असे समजून आम्हीही एके काळी गप्प बसलो आहोत.

वैद्यकाला मात्र हे आधीच उमगले होते. १९६१ साली किलोह या मनोविकारतज्ज्ञाने दाखवून दिले, की स्मृतिभ्रंश झाल्यासारखी दिसणारी काही माणसे वस्तुतः नैराश्याने आजारी असतात. नैराश्यात चित्त ठरत नाही. जे मनात नीट शिरलेच नाही, ते आठवणार कसे? विचार मंदावतो, साधा निर्णयही जड होतो. उपचारांनी पुष्कळांची स्मृती सुधारते. काहींची अडचण मात्र मन सावरल्यावरही मागे उरते.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सरकारी उपचारांचा हक्क दिला. २०२२ पासून १४४१६ हा टेलिमानसचा दूरध्वनीही आहे. तेव्हा आरोपपत्राआधी डॉक्टर, एवढेच आमचे मागणे आहे.